हात न पोचणारी जागा

सदर इसम पुरुष, वय साठीच्या अलीकडे, उंची मध्यम, डोक्यावरील केस विरळ (व्यवसायाशी संबंध नाही). व्यवसाय: इतरांच्या मागे उभे राहून त्यांची डोकी नीटनेटकी करणे. ओळखीची खूण: बोलत नाही. तक्रार: कंबरेच्या जरा वर, मणक्याच्या दोन्ही अंगांना जुनाट दुखणे; गोळ्यांना दाद न देणारे. उपाय: मज्जातंतूंना सौम्य विद्युत-संवेदना देणारे यंत्र, खिशात मावेल असे, चार चिकट पॅडांसह. सदर इसम ते स्वतंत्रपणे वापरण्यास सक्षम असल्याची खातरजमा करण्यात आली आहे.

गिऱ्हाइकं त्याला मौनीबाबा म्हणत. गळ्याभोवती कापड आवळलं की माणूस बोलू लागतो, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. 'आज उकडतंय हो' इथून गाडी निघते आणि कानामागचे केस निघेपर्यंत थोरल्या भावाच्या नावाने बोटं मोडून, डोळे पुसून मोकळी होते. मौनीबाबा फक्त 'हं' म्हणे. गल्लीतल्या प्रत्येकाचे गुडघे, मूळव्याध आणि सुना त्याला तोंडपाठ होत्या. त्याची पाठ मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. आरशात त्याचा चेहराच काय तो दिसे, आणि चेहऱ्यावर तो काही उमटू देत नसे.

यंत्र मुलीने पाठवलं. ती लग्न होऊन लांबच्या शहरात होती. फोनवर म्हणाली, "बाबा, हा शेवटचा उपाय. याने उतार नाही पडला तर दुकानाला कुलूप, आणि मुकाट्याने इकडे यायचं. आता मी ऐकायची नाही."

जावई भला माणूस होता, हीच तर अडचण. वाईट जावयाकडे न जाण्याला कारण तरी असतं. भल्या जावयाच्या गॅलरीत बसून आयता चहा पीत दिवस मोजायचे, आणि कुणाचं डोकं म्हणून हाताला लागायचं नाही. त्यापेक्षा पाठ परवडली.

तो यंत्र घेऊन दवाखान्यात गेला, तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंनी नेमक्या जागा बोटाने दाबून दाखवल्या, पॅड लावले, बटण फिरवलं. जिथे कुणीतरी कायम स्क्रू पिळत बसलेलं असे, तिथे मुंग्यांची रांग सुटली. दुखणं गेलं नाही. शेजारच्या खोलीत जाऊन बसलं. तेवढंही पुष्कळ होतं.

"तुमचा हात काही तिथे पोचायचा नाही," बाई म्हणाल्या. "घरी आहे ना कुणी लावायला?"

"आहेत की," मौनीबाबा म्हणाला.

नाही म्हटलं असतं तर बाईंनी पुढचं विचारलं असतं, मग त्याच्या पुढचं. एका वाक्याने सुरुवात केलेली माणसं कुठे जाऊन थांबतात ते त्याने रोज पाहिलं होतं. बायको जाऊन बराच काळ लोटला होता. घरात त्याच्याखेरीज एक पाल होती. चिकटण्याच्या कामात वाकबगार, पण तिला सांगणार कोण?

मग त्याने आपली अक्कल चालवली. सकाळी दुकान उघडलं की शटर अर्धं ओढून घ्यायचं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल पसरायचा, त्यावर पॅड उलटे, चिकट बाजू वर करून मांडायचे आणि शर्ट वर करून, ट्रक मागे घ्यावा तशी पाठ हळूहळू मागे घ्यायची. एखादा पॅड जागेवर बसे. एखादा बरगडीवर जाई. तरी अदमासे बरं वाटे. मुलीला तो सांगे, "उतार आहे."

पण पाठ टेकताना एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. सलूनमधला टॉवेल कितीही झटकला तरी त्यात केस राहतातच, आणि पॅडचा चिकटा केसांना माणसांपेक्षा लवकर जवळ करतो.

निवृत्त पोस्टमास्तर दाढीला बसले होते. यंत्र मौनीबाबाच्या खिशात चालू होतं. पोस्टमास्तर सुनेच्या स्वयंपाकावर घसरले होते, वस्तरा जबड्याच्या कोपऱ्यावर होता, आणि त्याच क्षणी पाठीवरच्या एका पॅडची कड सुटली. उरलेल्या टोकातून सुई टोचल्यासारखा चटका बसला. हात उडाला.

"आई गं! अहो, काय हे?" पोस्टमास्तर ओरडले. फेसात लाल रेघ उमटली. "सुनेची बाजू घेता की काय?"

मौनीबाबाने तुरटीचा खडा लावला. शर्टाखालून एक वायर खाली लोंबत होती, आणि ती आरशात दिसत होती.

"हे काय लपवलंय? बॉम्ब?"

"पाठीचं मशीन आहे," मौनीबाबा म्हणाला. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्याने स्वतःबद्दल सांगितलेलं हे पहिलंच वाक्य.

"बसा इथे. बसा म्हणतो ना! माझी अर्धी दाढी कुठे पळून जात नाही." पोस्टमास्तरांनी त्याला त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि पॅड उपटून उजेडात धरला. "अहो, याला तर मिशा फुटल्यात! अशाने कसं चिकटेल? चिकटवणं हा माझा धंदा. कोपरा सुटला की पाकीट परत येतं."

त्यांनी एकेक केस चिमटीने उपटला, पाण्याचं बोट फिरवलं. "इथे? का इथे?"

"जरा खाली."

"इथे?"

"हं."

पोस्टमास्तरांनी प्रत्येक पॅडवर तिकिटावर शिक्का मारावा तशी मूठ दाबली. मुंग्या नेमक्या जागी सुटल्या. मौनीबाबाने डोळे मिटले. दुखणं शेजारच्या खोलीत गेलं आणि दार लोटून घेतलं. पाठीवर मूठ अजून होती. ती काढली तेव्हा तेवढीच जागा गार पडली.

"रोज कोण लावतं हे?"

आता बोलायचं, असं मौनीबाबाने ठरवलं. वाक्य तयारही होतं: तुम्ही सकाळी फिरायला जाताना इथूनच जाता, तेवढं लावून जाल का? ते जिभेवर आलं आणि तिथेच बसून राहिलं.

"आहेत घरी," तो म्हणाला.

"मग त्यांना सांगा, जरा मन लावून लावा म्हणावं. एवढ्याने काय हात झिजतात का?"

"सांगतो."

तो उठला आणि त्यांची उरलेली दाढी केली. जाताना पोस्टमास्तर म्हणाले, "आणि वस्तरा हातात असताना हे चालू ठेवू नका बुवा. मी म्हातारा आहे, पण टाकाऊ नाही."

तेव्हापासून तो काम करताना यंत्र बंद ठेवतो.

पोस्टमास्तर आठवड्यातून एकदा दाढीला येतात. पाठ रोज दुखते.