फोन लागेपर्यंत

नोटरीसाहेबांच्या ऑफिसखाली, जिन्याच्या कोपऱ्यात माझं झेरॉक्सचं मशीन आहे आणि त्याला खेटून संमतीबाईंचं टेबल. त्यांचं खरं नाव बँकेच्या पासबुकात असेल तेवढंच. मूल आईला किंवा बापाला मागे ठेवून परदेशी निघालं की मागे राहणाऱ्याची लेखी संमती लागते, आणि ती पत्रं एकोणीस वर्षं बाईच टाइप करतात. गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे वळतं, त्यांचं झालं की तीन प्रती काढायला माझ्याकडे. मला त्यांचा हेवा वाटायचा, लपवत नाही.

बाईंचे नियम कडक. परतीची तारीख सांगितल्याशिवाय कीबोर्डला हात लावायच्या नाहीत. सही करण्याआधी पत्र स्वतःच्या तोंडाने मोठ्याने वाचायला लावायच्या. चांगले मिशीवाले बाप त्या टेबलाशी वाचता वाचता घसा खाकरताना मी पाहिलेत. आणि पत्राच्या शेवटी बाईंचं स्वतःचं एक वाक्य असायचं: मूल आजारी पडल्यास उपचारांचा निर्णय सोबतच्या व्यक्तीने घ्यावा. हे वाक्य कुठलंच ऑफिस मागत नाही. पण फार वर्षांपूर्वी एका मुलाच्या पोटात परदेशात कळ आली आणि सोबतच्या आत्याला दवाखान्यात कोणी विचारीना. ते पत्र बाईंनीच केलं होतं. तेव्हापासून त्या वाक्याशिवाय त्यांच्या टेबलावरून कागद उठला नाही.

बाईंची मुलगी बारा वर्षांची. नवऱ्याशी काडीमोड होऊन सहा वर्षं झाली. मुलगी राहते बाईंकडे, रविवारी जाते बापाकडे. बापाने दुसरं लग्न केलं. ती दुसरी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. बाई तिला सवत म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो, तुमचा काडीमोड झालाय, ती सवत कशी होईल?"

"नवऱ्याची नाही गं. पोरीची सवत आहे ती माझी," बाई म्हणाल्या.

पोरीला दमा. डॉक्टरांनी पोहायला घाला म्हणून सांगितलं. बाईंना पाण्याची भीती, बापाला आळस. मग रविवारी तलावावर कोण नेणार? ती दुसरीच. पोरगी सोमवारी शाळेतून आमच्या कोपऱ्यात आली की तिची टकळी सुरू. तिने मला टोपी घेतली, तिने माझी वेळ लावली, ती म्हणते मी श्वास चांगला धरते. बाई टाइप करत राहायच्या, पण बोटं अशी आपटायच्या की माझं मशीन हलायचं. एकदा पोरीचे केस विंचरताना वेणी वेगळी दिसली. "ही कोणी घातली?" पोरीने सांगितलं. बाईंनी ती भर दुपारी सोडून पुन्हा घातली. पोरगी म्हणाली, "पण तिने घातलेली पोहताना सुटत नाही." बाईंनी वेणी आणखी घट्ट आवळली. कपाळावरची शीर तेवढी बोलत होती.

आणि अशात पोरीची परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड झाली. नऊ दिवस. प्रत्येक मुलासोबत घरचं एक मोठं माणूस हवं. बापाला रजा मिळेना. बाईंनी मारे ऐटीत सांगितलं, मीच जाते. मग लक्षात आलं की बाईंकडे पासपोर्टच नाही. एकोणीस वर्षं लोकांची पोरं परदेशी पाठवली आणि स्वतः अर्जसुद्धा केला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पासपोर्ट यायला दोन महिने, स्पर्धा तीन आठवड्यांवर.

राहिलं कोण? ती.

बापाने आपलं पत्र परस्पर करून दिलं. बाईंनी आपलं शेवटच्या दिवसापर्यंत लांबवलं. दुपारी दोनपर्यंत कागद स्पर्धेवाल्यांकडे पोचले नाहीत तर पोरीचं नाव गळणार होतं. सकाळी दहाला बाईंनी ते टाइप केलं, नोटरीसाहेबांकडे न्यायच्या आधी मला म्हणाल्या, "एक प्रत काढ. बघू कशी येते." मी कागद काचेवर ठेवला आणि थबकले. खाली चार बोटं जागा कोरी होती. त्यांचं वाक्य तिथे नव्हतं.

"बाई, ते शेवटचं राहिलं."

"राहिलं नाही. घातलं नाही."

"अहो, पोरीला दमा आहे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीच्या छातीवर हक्क सांगणारी ती कोण? रविवार दिला, वेणी दिली. आता श्वासपण देऊ?"

मी बटण दाबून प्रत काढली. खरं सांगायचं तर मला आतून थोडं बरंही वाटलं. जिच्या नावाने सगळा जिना डोलतो, तिचंही पोट दुखतं तर.

अकराला ती आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. मनात कोणी नटवी रंगवली होती. ही साधीच, दुकानातून धावत आलेली, घामाने पाठ भिजलेली. सोबत जाणाऱ्यालाही पत्राखाली सही करावी लागते. बाईंनी कागद पुढे सरकवला आणि नियमाप्रमाणे म्हणाल्या, "मोठ्याने वाचा."

तिने वाचलं. मुलीचं नाव, तारखा, मुक्कामाचा पत्ता. संपलं तरी तिचं बोट कोऱ्या जागेवर फिरत राहिलं.

"माझ्या बहिणीचं पत्र तुम्हीच केलं होतं," ती म्हणाली. "त्यात इलाजाचं एक वाक्य होतं."

"ते सक्तीचं नसतं."

"माहीत आहे. विचारून आले मी." तिने पेन खाली ठेवलं. "तुम्हाला नको असेल तर मला राग नाही. पण मग मी तिला नेत नाही. तिला धाप लागली आणि मी दारात हात बांधून उभी राहिले, तर परत येऊन तुम्हाला काय तोंड दाखवू?"

बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. आयती संधी. पोरीचं जाणं हुकलं असतं आणि नाही म्हणणारी ठरली असती ती. संध्याकाळी पोरीला जवळ घेऊन एवढंच सांगायचं होतं की, बघ, तुझ्या लाडकीनेच नकार दिला. साप मरतो आणि काठीही शाबूत राहते. बाईंची नजर घड्याळाकडे गेली. सव्वाअकरा झाले होते.

"दम्याचा पंप कुठे ठेवाल?" बाईंनी विचारलं.

"एक माझ्या पर्समध्ये, एक तिच्या पोहण्याच्या पिशवीत. तिसरा माझ्या गळ्यात. हसतील लोक, हसू देत."

बाईंनी कागद ओढला, टराटरा फाडला आणि कीबोर्डकडे वळल्या. वाक्य घातलं. पण मी प्रत काढताना वाचलं तर त्याला एक शेपूट होतं, जे एकोणीस वर्षांत कोणाच्या पत्रात नव्हतं: *आईला फोन लागेपर्यंत. फोन लागल्यास निर्णय आईचा.*

तिनेही वाचलं, मोठ्याने, शेपटासकट. "चालेल," म्हणाली आणि सही केली. मग बाईंनी वाचलं. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज चांगला चढला. दीड वाजता कागद पोचले.

पोरगी गेली. बाईंनी फोन टेबलावर उताणा ठेवला आणि त्याच्याशी संसार मांडला. जेवताना समोर, हात धुताना काखेत. पोरगी रोज दोन मिनिटं बोलायची, त्यातलं दीड मिनिट त्या दुसरीचंच कौतुक. फोन ठेवला की बाई माझ्यावर खेकसायच्या.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. समोर एक बाप पत्र वाचत बसला होता. बाईंनी नंबर पाहिला आणि त्याला हाताने थांबवलं. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला.

"दवाखान्यात आहोत. तलावावर धाप लागली, पंपाने थांबली नाही. डॉक्टर विचारतायत, इंजेक्शन देऊन लगेच सोडू की उद्यापर्यंत ठेवून घेऊ? उद्या तिची शर्यत आहे. तुमचा फोन लागला, म्हणजे तुम्ही सांगायचं."

बाईंनी तोंड उघडलं. ज्यासाठी एवढा जळफळाट केला तो हक्क आता त्यांच्या हातात होता, लेखी, शिक्क्यासकट. त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. तिथून पोरगी दिसत नव्हती.

"ओठ कसे आहेत तिचे?"

"मघाशी निळसर होते. आता गुलाबी आहेत. पण बरगडी अजून आत ओढतेय. रडते, शर्यतीला सोडा म्हणते."

"तुला काय वाटतं?" बाईंनी विचारलं. तिला अगं-तुगं करताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मी ठेवलं असतं. पण ती माझ्यावर रुसेल."

"रुसू दे. तू जवळ आहेस, तूच ठरव. यापुढे मला विचारत बसू नकोस, आधी करून मग कळव."

फोन ठेवला. समोरचा बाप कागद धरून तसाच बसला होता. बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरगडीचं मी विचारणारच होते. मेलीने आधीच बघून ठेवलं होतं."