फुवा आणि अकरावं रीळ

सबंध खानदेशात पिक्चर कळणारा माणूस एकच होता, आणि तो अमळनेरच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायच्या नोकरीला होता, हे मी कुठल्याही भरल्या सभेत उभा राहून सांगायला तयार आहे. ते माझे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. फुवांचं पहिलं लग्न पिक्चरशी झालेलं होतं, असं फुईच सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा सवतीचं नाव निघाल्यासारखा व्हायचा. मला अमळनेरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी जामनेरहून एक ट्रंक घेऊन त्यांच्याकडे उतरलो. खोली मिळेपर्यंत आठ दिवस राहतो म्हणालो होतो, चार वर्षं राहिलो. याला कारण फुवांची आई. तिला सगळे जिजी म्हणत. जिजीने पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात फुवांच्या ताटाशेजारी दुसरं ताट वाढलं आणि त्यानंतर एक प्रसंग सोडला तर ते कधी चुकलं नाही. मी सुट्टीला जामनेरला गेलो तरी माझं ताट वाढलेलं असतं, असं फुई सांगायची. सख्ख्या आजीने माझे एवढे लाड केले नव्हते. मी हे शाळेत सगळ्यांना सांगत असे.

फुवांचा जन्म कापसात गेला. पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, हळूच ओढायचा आणि धागा किती लांब निघतो ते बघून प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. तीस वर्षं हेच केल्यामुळे जगातल्या सगळ्या वस्तूंना दोनच प्रती असतात असं त्यांचं ठाम मत झालं होतं. लांब धाग्याचा माल, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे डाग पडलेला, पिवळा, कोणी हात न लावणारा कापूस. भाजी कवडी, मंत्री कवडी, माझ्या शाळेचे हेडमास्तरही कवडी. माझ्या बहिणीच्या सोयरिकीसाठी आम्ही मुलाकडे गेलो, तेव्हा फुवांनी बसल्या बसल्या गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून पुंजका काढला, ओढला आणि मुलाच्या वडिलांच्या देखत निकाल दिला, "धागा आखूड शे." ती सोयरीक वाचवायला आम्हाला तीन चकरा माराव्या लागल्या. पिक्चर बघतानाही त्यांच्या चिमटीची हालचाल चालूच असे. इंटरवलपर्यंत चिमटी ओढून ओढून ते पडद्यावरच्या मालाची प्रत ठरवत. शेजारच्या माणसाला वाटे, यांना काही वाताचा त्रास आहे.

लांब धाग्याचा पिक्चर त्यांच्या मते आजवर एकच निघाला होता, तो म्हणजे 'गगनवीर'. जुना, काळा-पांढरा. त्यातला नायक वायरमन. विजेच्या खांबावर त्याला झटका बसतो आणि तो उडायला लागतो. कमरेला पक्कड, अंगात खाकी अर्धी चड्डी, आणि उडताना पाठीला बांधलेली दोरी लख्ख दिसते. दोरी दिसते हा फुवांच्या लेखी त्या पिक्चरचा मोठेपणा होता. दोरीशिवाय कोणी उडत नसतं, मग लपवायची कशाला, असं ते विचारत. जिथे दिवसातून चार वेळा लाइट जाते तिथे वायरमन हाच देव, यावर तर वाद घालायची सोयच नव्हती. वायरमनला एक धाकटा भाऊ असतो. धरण फुटायला येतं, धाकटा कंदील घेऊन लोकांना उठवायला जातो, थोरला उडत जाऊन खलनायकाला धरणाच्या भिंतीवर आपटतो, आणि शेवटी घरी म्हातारी आई ताटं वाढताना दिसते. गोष्ट एवढीच. फुवांनी हा पिक्चर तापीकाठच्या आपल्या गावी, यात्रेत आलेल्या तंबूत, जिजीला शेजारी बसवून पाहिला होता.

मी तिथे राहायला गेल्यावर दुसऱ्या वर्षी याच कथेवर नवा, रंगीत 'गगनवीर' आला. टांग्यात कर्णा लावून सबंध गावात जाहिरात झाली. फुवा पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला गेले आणि परत आल्यावर सलग आठ दिवस बोलत राहिले. नवा नायक वायरमन नाही, परदेशात शिकलेला शास्त्रज्ञ आहे. तो अंगाला घट्ट चिकटणारे रेक्झिनचे कपडे घालतो. मे महिन्यात अमळनेरच्या स्टेशनपासून घरापर्यंत रेक्झिन घालून चालून दाखव, मग उड, असं फुवांचं त्याला आव्हान होतं. पक्कड नाही, दोरी नाही, उडायच्या आधी आईला सांगून जायची रीत नाही. इथवर गल्लीतले लोक हसून माना डोलावत. पण नव्या पिक्चरमध्ये धाकटा भाऊ धरणावर मरतो, हे कळल्यावर फुवा जे पेटले ते विझेनात. मूळ गोष्टीत धाकटा मरतच नाही, या नव्या लोकांनी पदरचं घालून एक चांगला मुलगा मारला, असं ते न्हाव्याच्या दुकानात, जिनात, बाजारात, ज्याला त्याला थांबवून सांगू लागले. निर्मात्याला त्यांनी मुंबईला दोन पत्रं धाडली. दोन्हींचं शुद्धलेखन मी तपासलं.

आमच्या गल्लीतले कंपाउंडर म्हणाले की त्यांनी जुना पिक्चर जळगावला पाहिलाय, आणि त्यातही धाकटा मरतो, चांगली चिता पेटते. फुवांनी ताबडतोब चिमटी वर केली आणि त्यांचं नेहमीचं प्रमाण काढलं. "शेवटले माय दोन ताटं वाढस ना? मरेल मानूसले कोन ताट वाढस रे?" ताटं दोनच असतात हे कंपाउंडरनाही कबूल होतं. तरी ते हटेनात. गल्लीत दोन तट पडले. फुवांनी जाहीर केलं की आपण खोटे ठरलो तर जन्मात पुन्हा कोणत्याही पिक्चरवर मत देणार नाही. फुवांनी मत द्यायचं नाही म्हणजे पहिलवानाने तालमीत पाय ठेवायचा नाही. मला खरंच काळजी वाटली.

त्याच दिवसांत माझ्यावरही एक प्रसंग ओढवला. एका संध्याकाळी जेवायला गेलो तर ताट एकच. मी ओशाळून स्वतःच ताट घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. जिजी भिंतीला टेकून बसलेली, कोणाशी बोलेना. माझं काय चुकलं ते मला उमगेना. मी तिच्यासाठी अर्धा शेर पेढे आणले, ते तिने बाजूला ठेवले. नवा पिक्चर पाहून आलेल्या शेजारणींकडून तिने सगळी कथा ऐकली होती, एवढं फुई म्हणाली. फुवा आले तेव्हा जिजीने त्यांना एकच विचारलं, "तो धाकला मरी जास म्हने, खरं शे का?" फुवा म्हणाले, नव्या लोकांचं ते, खरं नाही. "मंग दखाड माले," जिजी म्हणाली. मला दाखव.

थेटरच्या मालकाला गल्लीतली भांडणं ऐकून धंदा दिसला. त्याने भुसावळहून जुन्या 'गगनवीर'च्या पेट्या मागवल्या आणि रविवारचा दुपारचा खेळ लावला. आता फुवांची अब्रू पेटीत बंद होती. मी शनिवारी गुपचूप ऑपरेटरकडे गेलो. हा गृहस्थ पूर्वी तंबूबरोबर गावोगाव फिरलेला, त्यामुळे त्याला जुना पिक्चर पाठ होता. मी विचारलं, धाकटा मरतो का. तो म्हणाला, मरतो, अकराव्या रिळात. मग मी घसा खाकरून सुचवलं की जुन्या मालाचं काय सांगता येतं, एखादं रीळ खराब निघू शकतं. ऑपरेटर इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. म्हणाला, मास्तर, तुमचे फुवा सकाळीच येऊन गेले. आणि हे सांगायला ते पहिल्यांदा आलेले नाहीत.

मग त्याने सांगितलं. त्या यात्रेच्या वर्षी तंबू गावाबाहेर लागला होता, तेव्हा एक तरुण दुपारी ऑपरेटरकडे आला. डोक्यावर घट्ट टोपी. टोपी सरकली तेव्हा दिसलं, मुंडण केलेलं. जळगावला त्याने पिक्चर आधीच पाहिला होता आणि त्याचं एकच मागणं होतं, आज आई येणार आहे, अकरावं रीळ लावू नका. तंबूत रिळं गाळणं नवीन नव्हतं. वादळ आलं, उशीर झाला, की ऑपरेटर एखादं रीळ गाळतच. त्याने गाळलं. धाकटा कंदील घेऊन गेला, तो पुढे दिसलाच नाही. शेवटी आईने दोन ताटं वाढली आणि तंबूतले सगळे खूश होऊन घरी गेले.

फुवांचा धाकटा भाऊ सुरतेला मिलमध्ये गेला आणि तिकडेच रमला, एवढंच आम्हा जामनेरकरांना ठाऊक होतं. पण त्या दुपारी त्या तरुणाने ऑपरेटरला सगळं सांगितलं होतं: तो तिथे तापाने गेला होता. फुवा एकटेच जाऊन त्याला अग्नी देऊन आले होते, आणि डोकं कसं भादरलं म्हणून आईने विचारलं तेव्हा देवीला केस वाहिले असं त्यांनी सांगितलं होतं. मी थेटरच्या जिन्यावर बसलो. ते दुसरं ताट मी येण्याच्या किती तरी वर्षं आधीपासून वाढलं जात होतं. गेली दोन वर्षं मी त्याच्यावर ताव मारत होतो आणि वर लाड म्हणून मिरवत होतो. मला माझीच शरम वाटली.

रविवारी थेटर भरलं. जिजीला फुवांनी हाताला धरून आणलं. दहाव्या रिळात धाकटा कंदील घेऊन निघाला, आणि पुढच्या क्षणी थोरला धरणावर उडत होता. शिट्ट्या झाल्या. कंपाउंडर ताडकन उभे राहिले, मागे वळून ऑपरेटरच्या खिडकीकडे हात करणार, तेवढ्यात त्यांची नजर जिजीकडे गेली. ती पदर तोंडाशी धरून पडद्याकडे बघत होती. कंपाउंडर हळूच खाली बसले. पडद्यावरच्या म्हातारीने दोन ताटं वाढली तेव्हा जिजी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "दख. दोन शेतस." बाहेर आल्यावर कंपाउंडर फुवांना म्हणाले की माझीच आठवण कच्ची निघाली. फुवांनी त्यांना चहा पाजला आणि दहा दिवस विजयी मुद्रेने हिंडले.

त्या संध्याकाळी ताटं दोन होती. मी उंबऱ्यातच घुटमळलो. फुवांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. "इतला दिन तूच जेवस ना," ते म्हणाले, "आते काबर लाजस? बस." मी बसलो. जिजीने माझ्या वाटीत तूप वाढलं. मी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

जिजी गेली त्यानंतर पुढल्या वर्षी धुळ्याच्या एका थेटरात तो नवा, रंगीत 'गगनवीर' पुन्हा लागला. फुवा मला म्हणाले, चल. एस.टी.त त्यांनी कबूल केलं की पहिल्या दिवशी ते इंटरवललाच उठून आले होते, पुढचा भाग त्यांनी पाहिलेलाच नाही. म्हणजे आठ दिवसांचं ते सगळं व्याख्यान अर्ध्या पिक्चरवर होतं. मी हसलो, तेही हसले. थेटरात त्यांनी रेक्झिनला नेहमीप्रमाणे नावं ठेवली. मग धरणाचा प्रसंग आला. धाकटा मेला, थोरल्याने त्याला उचलून घेतलं, चिता पेटली. फुवा हलले नाहीत. अंधारात त्यांचे दोन्ही हात मांडीवरून वर आले, चिमटीत काहीतरी धरलं आणि हळूहळू ओढलं. एवढा वेळ ओढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"धागा लांब शे," फुवा म्हणाले, आणि टोपीने डोळे पुसले.