शेवटी जेवणाऱ्या कोच आणि टौरंगाचा शनिवार

टान्याची ई-मेल दोन ओळींची होती. "कोच मला परत न्यायला आल्यात. तू ये, मला नाही म्हणायचं बळ दे." मी नाचतच आईला सांगितलं, शनिवारी ऑकलंडहून टौरंगाला जायचं.

थोडी पार्श्वभूमी सांगते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या एका जुन्या कॉलेजात मी एम.एस. केलं. तिथे मुलींच्या बास्केटबॉल टीमचे गुण लिहायचं काम मला मिळालं होतं. टान्या त्या टीमची कॅप्टन. पुढे ती इथे खेळायला आली आणि टौरंगात शाळेच्या मुलींना शिकवण्यात रमली. आता आमच्या त्या टीमच्या कोच निवृत्त होणार होत्या आणि आपल्या जागी त्यांना टान्याच हवी होती. त्यांना कुणी नाही म्हटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

ऑकलंडमधल्या आमच्या माउंट रॉस्किलहून सकाळी लवकर निघालो. पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली आई सोबत होती, शिवाय तिचा दशम्या-चटणीचा डबा.

"आई, तिथे बार्बेक्यू आहे, हीप्स, म्हणजे ढीगभर खायला असतं."

"असू दे. बाहेर पडताना डबा हवा."

बॉम्बे हिल्सच्या पाटीसमोर तिने फोटो काढून घेतलाच. जाणाऱ्यांसाठी सांगते, पेट्रोल ऑकलंडमध्येच भरून घ्या. पाएरोआला चार डॉलरमध्ये कॉफी आणि स्कोन होतं. पुढच्या करंगाहाके घाटात घाई नको, रस्ता नदीला बिलगून वळतो आणि लाकडाचे ट्रक मागे लागतात. तिथे मी कोचसाठीचं भाषण मोठ्याने घोकत होते. कटिकटीनंतर किवीच्या बागांची उंच कुंपणं लागली आणि मी भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

कोच शाळेच्या हॉलबाहेरच भेटल्या. पांढरे केस, हातात काठी, आवाज तोच. "गुण लिहिणारी, तुझं वजन वाढलंय." मी आनंदाने त्यांच्या गळ्यातच पडले.

आईचा डबा पाहून त्या थबकल्या. म्हणाल्या, "सुरुवातीला वाटेतल्या हॉटेलांत आम्हा काळ्यांना बसू देत नसत. सगळ्या टीमचं जेवण बसमधून न्यायचो. कमी पडलं तर कोच उपाशी." तेव्हापासून त्यांचा नियम होता: आधी मुली, मग ड्रायव्हर, मग गुण लिहिणारी, शेवटी कोच. मी आईला मराठीत सांगितलं. तिने त्यांचा हात धरला.

हॉलमधली मॅच टान्याच्या मुली हरल्या. कोच फक्त "डिफेन्स ढिला" एवढंच म्हणाल्या. मग जेवणाची रांग लागली. बंदरावर आणि किवी फळं खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाउसमध्ये राबणाऱ्यांच्या त्या पोरी सॉसेजबरोबर दशम्याही घेत होत्या. "किया ओरा, आंटी, स्वीट ॲज," असं आईला सांगत होत्या, म्हणजे नमस्कार आणि एकदम झकास. त्यांच्यामागे आईवडील, मग व्हॅनचा ड्रायव्हर आणि सगळ्यात शेवटी टान्या.

कोच सवयीने तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. टान्या मान खाली घालून उभी होती. माझं भाषण राहूनच गेलं. कोचनी ती रांग पहिल्या मुलीपासून टान्यापर्यंत नीट पाहिली, प्लेट उचलली आणि टान्याच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"इथल्या कोच तुम्ही आहात, मॅम," त्या म्हणाल्या.

टान्या हुंदके देऊन रडायला लागली. "चटणी तिखट झाली का गं?" आईने मला विचारलं. मला हसूही येत होतं आणि रडूही.

कोचचं विमान दुसऱ्या दिवशी ऑकलंडहून होतं, म्हणून त्यांना आमच्याकडेच आणलं. वाटेत त्या शांत झोपल्या. टान्या नाही तर माझ्या जागी कुणी दुसरं येईल, एवढंच म्हणाल्या होत्या. टान्याचं काम त्या एका रांगेने केलं, मला काहीच करावं लागलं नाही. तरी एवढी खूश मी कित्येक दिवसांत नव्हते.

घरी आईने पोळ्या करायला घेतल्या. तव्यावरची पोळी थेट ताटात पडत होती आणि कोच मिटक्या मारत खात होत्या. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "ही कधी बसणार?"

"मी मागून," आई म्हणाली. मी भाषांतर केलं.

कोचनी माझ्याकडे पाहिलं. "आणि हिची जागा कोण घेणार?"

मी उठले, आईला माझ्या खुर्चीत बसवलं आणि लाटणं हातात घेतलं. माझ्या पोळ्या कधीच गोल होत नाहीत. आईने त्या गरमागरम खाल्ल्या.