लाल बटण आणि गावाचा फोन

मी जहाजावर रेडिओ सांभाळतो आणि सुट्टीला आटपाडीजवळच्या आमच्या गावी येतो. गावाच्या ओढ्यालाही पाणी नसतं, तरी समुद्रात मदत कशी मागतात याची सरपंचांना भारी हौस. एकदा मी सांगून बसलो. जहाजावर झाकणाखाली एक लाल बटण असतं. ते दाबून धरलं की तोंड उघडायच्या आधीच आपला नंबर आणि ठिकाण आसपासच्या जहाजांना पोचतं, त्यांचे सेट कर्कश वाजतात. मग ठरलेल्या चॅनलवर बोलायचं. बटण चुकून दाबलं, तर तिथंच सगळ्यांना सांगून हाक मागे घ्यायची.

सरपंचांनी लगेच सोय करून घेतली. एका नंबरवर बोललं की सगळ्या गावाचे फोन एकदम वाजणार. आग, चोर, बिबट्या, यांच्यासाठीच.

पहिला फोन आला तो त्यांच्या नातवाच्या जावळाचा. मग वाढदिवस, मग सत्कार.

"आवं, ह्याच्यावर झाकण ठेवा," मी चिडून म्हणालो.

"गावानं आमचा आवाज ऐकायला नको व्हय रं?"

यंदा भर दुपारी आमची कडब्याची गंजी पेटली. मी नंबर लावला. घराघरांत फोन वाजलेले मला रस्त्यावरून ऐकू आले, आणि एकेक करून कट झालेलेही. गंजीची राख झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे फोन वाजले. सरपंच बोलत होते, "काल आग लागली तवा आपली यंत्रणा एकदम चोख चालली. समद्यांचे फोन वाजले."