नावाआधीचं ‘कै.’

चांद्याच्या कचेरीतला तो कारकून कॉलेजच्या सरकारी स्कॉलरशिपचे अर्ज तपासायचा. तोंडात सुपारी, कानावर टाक, आणि कागद हातात घेण्याआधी प्रत्येक पोराला एकच प्रश्न: "बाप हाये?" आम्हाला त्याचा रागच यायचा.

दाखल्यांपायी माझ्या तीन खेपा वाया गेल्या होत्या. बिनबापाच्या पोराला आधी मंजुरी मिळते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून चौथ्या खेपेला अर्जात मी वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ लिहिलं.

"बाप हाये?"

"नाई."

त्यानं अर्ज उलटला. खाली पालकाचा अंगठा होता. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो सकाळीच हौसेनं उठवला होता.

"मेलेल्यानं अंगठा देल्ला काय बे?"

मी दाराकडे पाहिलं. बाहेर चिंचेखाली वडील माझी शिदोरी सांभाळत बसले होते.

त्यानं ब्लेडनं ते ‘कै.’ हळूहळू खरवडलं, कागद फाटू न देता. मग मान वर न करता म्हणाला, "नोकरीसाठी मीबी असंच लिवलं होतं. बुढा अजून माह्या संगं जेवून राह्यला. हापिसातलं कोनी घरी आलं, का मी त्याले मांगच्या खोलीत लपवतो."