पोपटाचा उष्टा पेरू

हे लिहायला मी योग्य माणूस नाही. मला मूल नाही. माझ्या आधी आमच्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि अर्जापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्या बाईबद्दल लिहितोय तिची परवानगीही घेतलेली नाही. विचारलं तर ती नाही म्हणेल, ही भीती होती. या सगळ्याबद्दल माफी मागतो आणि तरीही लिहितो.

घाटकोपरच्या टेकडीवर आमची बैठी चाळ. बहुतेक कोकणातले, गिरणीतले. संपानंतर पुरुष घरी आणि बायका कारखान्यांत पॅकिंगला, असं उलटं झालं होतं. आमच्या शेजारच्या वहिनीही औषधांच्या बाटल्या खोक्यांत भरायला जायच्या. नवरा दारात विडी ओढत बसायचा. त्यांना एक मुलगी, चार वर्षांची. ती बोलत नव्हती. हाक मारली तरी वळायची नाही. पण नळाला पाणी आलं की कुठूनही धावत यायची आणि पिंपाला कान लावून उभी राहायची. पाणी चढतं तसा आतला आवाज बदलतो, तो ऐकायची. नळ बंद केला की किंचाळायची. खायची फक्त पांढरं. भात, कुरमुरे, साखर. तेही वहिनींच्याच हातून. भातावर आमटीचा थेंब पडला तरी ताट भिरकावून द्यायची.

चाळीत कोणी म्हणे झपाटलेली, कोणी म्हणे मंद. "मुलगी आहे ते बरंय, शाळेचा खर्च वाचला," असंही एक जण वहिनींच्या तोंडावर म्हणाला आणि वर हसला.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. मानसशास्त्र हा एक विषय होता. लायब्ररीतल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात मला दीड पान सापडलं. शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. जणू तिला बघूनच कोणीतरी लिहिलं होतं. त्याला 'ऑटिझम' म्हणतात हे कळलं. मला फार आनंद झाला. मग पुढचा परिच्छेद वाचला. अशा मुलांच्या आया थंड असतात, त्यांची माया कमी पडते, असं तिथे छापलं होतं. इंग्रजीत छापलंय म्हणजे खरंच असणार, असं मला वाटलं. आठ दिवस मी वहिनींकडे त्या नजरेनं पाहत होतो. कामावरून येऊन, हातसुद्धा न पुसता भाताचा घास फुंकून फुंकून गार करणाऱ्या बाईत मी माया कमी आहे का ते शोधत होतो. त्या आठ दिवसांची मला आजही किळस येते. तो शब्द मी कोणालाच सांगितला नाही.

जानेवारीत नवऱ्यानं सांगून टाकलं, "शिमग्याला गावी जातोय. तोवर बोलली तर बोलली. नाहीतर आईकडे ठेवून येतो. मला नाही झेपत."

वहिनींना कामामुळे तिच्यासोबत राहायला जाता येणार नव्हतं. घर त्यांच्याच पगारावर होतं. म्हणजे मुलगी बोलली तरच त्यांच्याजवळ राहणार.

कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकींनी उपाय काढला. "पोपटाचो उष्टो पेरू दी गो चेडवाक. आठ दिसांत बोलाक लागतली."

हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पोपट बोलतो, म्हणून त्याचं उष्टं खाल्लेलं मूल बोलतं. वहिनी माझ्याकडे आल्या. "भावजी, तुम्ही कॉलेजला जाता, गावभर फिरता. कुठं मिळाला तर आणाल?" मी मान डोलावली. हे खोटं आहे असं म्हणायचं धैर्य झालं नाही. खरं काय ते मला कुठे नीट ठाऊक होतं?

स्टेशनबाहेरच्या फळवाल्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. "पोपटानं टोचलेले? ते आम्ही फेकून देतो रे. तुला पेरू खायचाय की पोपट पाळायचाय?" दोन दिवस मी हिंडलो. तिसऱ्या दिवशी एक चांगला, घट्ट पेरू घेतला, पाण्याच्या टाकीमागे बसलो आणि पुढच्या दातांनी एका बाजूनं कुरतडला. दातांची खूण दिसू नये म्हणून कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकानं कडा खरवडल्या. मग तो रुमालात बांधून नेऊन दिला. वहिनींनी दोन्ही हातांनी घेतला, प्रसादासारखा.

रविवारी सकाळी सगळी चाळ गोळा झाली. असं काही असलं की लोकांना बोलवावं लागत नाही. काकींनी पोरीचा जबडा धरला. "ए कॉलेज, हात धर तिचे!" कोणीतरी ओरडलं. मी धरले. बारीक मनगटं होती, त्यांना घाम आलेला. वहिनींनी पेरूचा तुकडा आत कोंबला. मागून दोघं-तिघं "मिठू मिठू, बोल मिठू मिठू!" म्हणून चिडवत होते. एक जण शिट्टी वाजवत होता. पोरगी सबंध अंगानं ताठ झाली आणि तिनं भडाभडा ओकलं. पेरूच्या बिया माझ्या शर्टावर आल्या. लोक हसत हसत मागे सरले. काकी म्हणाल्या, "गेला पोटात थोडा. पुरे इतकाच."

तो आंबट वास, त्या हसणाऱ्यांचे दात, त्यातले माझे दात. मी नळावर जाऊन चूळ भरत राहिलो.

त्या दिवसापासून पोरगी वहिनींच्या हातून भात खाईना. घास पुढे केला की दोन्ही हातांनी तोंड झाकायची. ताट जमिनीवर ठेवून सगळे बाहेर गेले तरच थोडं चिवडायची. शिमग्याला नवरा तिला घेऊन गेला आणि एकटाच परत आला. वहिनी कामावर जात राहिल्या. पाणी आलं की पिंप भरायच्या, आणि भरलं तरी नळ बंद करायला त्यांचा हात लगेच पुढे व्हायचा नाही.

गणपतीला चाळ गावी गेली. माझी परीक्षा होती, मी थांबलो. परत आल्यावर काकींनी घरोघरी साखर वाटली. "बोल्ली रे चेडू! मी सांगलेलंय मा, पोपटाचो गुण!" माझ्याही तळहातावर चिमूटभर ठेवली. सगळे माना डोलावत होते. शिट्टी वाजवणारा तर "झकास!" म्हणाला. ती साखर मला खाववली नाही, टाकताही येईना. मुठीत विरघळून हात चिकट झाला. मी तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की पोपट कोण होता. मी उघडलं नाही.

मला एवढंच वाटलं की बोलली, म्हणजे आता तिला परत आणतील. पण दिवाळी आली तरी ती आली नाही, आणि वहिनींना विचारायची मला लाज वाटत होती. शेवटी एका सकाळी नळावर आम्ही दोघंच होतो तेव्हा त्यांनीच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"हे म्हणतात, तिथं बोलायला लागली म्हणजे गाव मानवलंय तिला. तिथंच राहू दे."

"पण बोलते ना, वहिनी?"

"एकच शब्द बोलते. गणपतीत मी भात कालवला, पांढराच, फुंकून गार केला नि घास पुढे केला." त्यांनी हंडा उचलून कमरेवर घेतला. "तर मला म्हणाली, नको."