दुसरा पडदा
गाडीच्या पुढच्या काचेवर लावायचा चंदेरी पडदा उलगडला की तापलेल्या फोमचा वास येतो आणि मला ती दुपार आठवते. इथे आखातात, करामा वस्तीतल्या आमच्या शेजारच्या काकी, मूळच्या वसईच्या, कायमच्या गावी निघाल्या होत्या. मुलाची नोकरी गेली आणि व्हिसाही खलास. जाण्याआधी त्यांना काकांचा निरोप घ्यायचा होता, म्हणून मी गाडी काढली; मुलगाही सोबत आला. इथलं पहिलं चर्च म्हणजे वाळूत उभी केलेली पत्र्याची शेड, आणि ती भर उन्हात ठोकणाऱ्या मोजक्या माणसांत काका होते. पुढे पक्कं चर्च झालं, एसी बसला. काका त्याआधीच गेले. शहराबाहेरच्या त्या दफनभूमीत एक झाड नव्हतं. काकींनी मेणबत्ती लावली, ती वाऱ्याने लगेच विझली. मग त्या म्हणाल्या, "आमच्या वसईला चर्चच्या मागेच पुरतात गं, नारळाखाली. हे जन्मभर उन्हात राबले, आणि आताही उन्हातच." मला काही कळायच्या आत त्यांनी माझ्या गाडीतला पडदा आणून कबरीवर अंथरला आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले. मुलगा ओशाळला. "मम्मी, डॅडी कान्ट फील इट." "मला जाणवतं ना," काकी म्हणाल्या आणि मागे न बघता गाडीत जाऊन बसल्या. आठवड्याभराने मी तिथे गेले, तर तो पडदा वाऱ्याने नेला होता. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी दुकानातून दोन पडदे आणते. गाडी माझ्याकडे एकच आहे.